आरोग्याची वाट बांबोळीलाच का?

पहाटेच्या अंधारात पेडण्याहून सुटणाऱ्या बसमध्ये काही प्रवासी असे असतात की त्यांच्या हाती कामावरचा डबा नसतो आणि बाजाराची पिशवीही नसते. जपून घडी घातलेले जुने केसपेपर, क्ष-किरण छायाचित्राचा मोठा लखोटा, अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि आधाराला धरलेला मुलगा किंवा सून, एवढाच त्यांचा संसार त्या दिवसापुरता असतो. म्हापशाला गाडी बदलायची, पणजीला पुन्हा बदलायची आणि बांबोळीच्या पठारावर उतरून गोमेकॉच्या रांगेत उभे राहायचे. डिचोलीहून निघणाऱ्याची वाट निराळी, पण मुक्काम तोच. कित्येक तासांनी डॉक्टरांची गाठ पडते ती चार मिनिटांसाठी. रक्तदाब पाहिला जातो, त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या जातात आणि महिन्याने या असे सांगितले जाते. एका गोळीच्या पट्टीपायी म्हाताऱ्या माणसाचा दिवस जातो, सोबतच्याची रोजी बुडते आणि ज्या डॉक्टराने अवघड रोगाचे निदान करावे त्याची सकाळ नेहमीच्या गोळ्या लिहिण्यात खर्ची पडते.

यात डॉक्टर निर्दय आहेत किंवा रुग्ण अडाणी आहेत, असे समजण्याचे कारण नाही. दोघेही एका व्यवस्थेने आखून दिलेल्या वाटेने चालले आहेत, आणि ती वाटच चुकीची आखली गेली आहे. उपचार फुकट मिळावेत की विकत, इस्पितळ सरकारी असावे की खाजगी, विम्याचे कार्ड किती लाखांचे असावे, या वादांनी आपल्याकडील आरोग्यविषयक चर्चा व्यापून टाकलेली असते. परंतु याहून मूलभूत असा एक प्रश्न आहे: माणूस आजारी पडण्यापूर्वी, आणि आजारी पडल्यावर पहिल्या दिवशी, त्याच्या गावात त्याच्यासाठी कोण उभे आहे? जगातील निरनिराळ्या राष्ट्रांनी आपापल्या आरोग्यव्यवस्था उभारल्या, त्यांचे यशापयश शेवटी याच एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आले आहे.

हा धडा गोव्याला इतिहासाने फार पूर्वी दिला आहे. १५१० साली अल्बुकेर्कने गोवा जिंकल्यानंतर जुन्या गोव्यात राजाच्या नावाने एक इस्पितळ उभे राहिले. १६०८ साली पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी तेथे रुग्ण म्हणून राहिला आणि जगात याहून उत्तम इस्पितळ नसावे अशी प्रशस्ती त्याने लिहून ठेवली. ते इस्पितळ अर्थातच पोर्तुगीज शिपायांसाठी होते. येथल्या रयतेसाठी नव्हते. पण त्या वैभवशाली इस्पितळाच्या सभोवती जे शहर होते त्याची अवस्था काय होती? गास्पार कोर्रैया या इतिहासकाराने १५४३ साली गोव्यात आलेल्या एका भयंकर साथीचे वर्णन केले आहे आणि लोक त्या रोगाला जे नाव देत ते आपल्या लिपीत उतरवून ठेवले आहे. ते नाव म्हणजे आपली मोडशी. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता यानेही या रोगाची चर्चा केली आहे. त्याच ग्रंथात मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचाही आदरपूर्वक उल्लेख येतो. म्हणजे विद्या होती, वैद्य होते, जगाने वाखाणलेले इस्पितळ होते. नव्हते ते फक्त स्वच्छ पाणी. सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत झिरपत राहिले, साथींमागून साथी आल्या आणि पूर्वेचे रोम म्हणवणारे ते नगर ओस पडू लागले. १६९५ साली व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणेलीला हलवले, १७५९ साली ते पणजीला आले आणि १८४३ साली पणजी ही अधिकृत राजधानी झाली. ज्या राजधानीत आपण आज वावरतो ती, एका अर्थाने, सार्वजनिक आरोग्याच्या पराभवातून जन्माला आली आहे. उत्तम इस्पितळ असूनही शहर मरू शकते, हे जुन्या गोव्याचे भग्नावशेष आजही सांगत उभे आहेत.

पणजीत १८४२ साली वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. आशियातील आधुनिक वैद्यकाच्या जुन्या विद्यालयांत त्याची गणना होते आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथून बाहेर पडलेल्या अनेक गोमंतकीय डॉक्टरांची सेवा पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींच्या वाट्याला गेली, हेही विसरता येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादींतील माणूस मात्र गावच्या वैद्याच्या काढ्यावर, वैजिणीच्या हातगुणावर आणि देवाच्या कौलावर विसंबून राहिला. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा हा वारसा आपल्या पदरात पडला: राजधानीत एक नामांकित वैद्यकीय शाळा, आणि तालुक्यांत जवळजवळ पोकळी.

मुक्तीनंतर चित्र बदलले, आणि ज्यांनी ते बदलले त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. १९६३ साली जुन्या विद्यालयाचे रूपांतर गोवा वैद्यकीय महाविद्यालयात झाले. तालुक्यातालुक्यांत आरोग्य केंद्रे आली, लस टोचणाऱ्या परिचारिका वाड्यावाड्यांवर फिरल्या. देशातून १९७५ साली देवी हद्दपार झाली आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, या दोन्ही विजयांत गोव्याचा वाटा आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार हजार जिवंत जन्मांमागे देशात २८ अर्भके दगावत होती, तेव्हा गोव्यात तो आकडा ५ होता. हे यश बांबोळीच्या शस्त्रक्रियागृहात मिळालेले नाही. ते नळाच्या पाण्याने, मुलींच्या शाळेने आणि पायी फिरणाऱ्या परिचारिकेने मिळवून दिले आहे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात शाळा जशी मुलांच्या दारी चालत गेली, तसेच थोडेबहुत आरोग्यही चालत गेले. पुढे मात्र शाळेची ती रीत आपण आरोग्याच्या बाबतीत सोडून दिली आणि माणसाला इस्पितळाकडे चालायला लावले.

आता जगाकडे पाहू. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कने कामगारांचा आजारविमा सुरू केला. कामगार आणि मालक या दोघांच्या वर्गणीतून उपचारांचा खर्च भागवण्याची ती पद्धत अनेक राष्ट्रांनी पुढे स्वीकारली. ब्रिटनने निराळा मार्ग धरला. महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, १९४२ साली, बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. करांतून खर्च, आणि उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसा नाही, हे तिचे तत्त्व. पण तिचा खरा पाया वेगळाच आहे: प्रत्येक नागरिकाचे नाव त्याच्या परिसरातील एका डॉक्टराच्या यादीत असते, आणि तातडीचा प्रसंग वगळता मोठ्या इस्पितळाचे दार त्या डॉक्टराच्या चिठ्ठीशिवाय उघडत नाही. या सेवेचे दोषही उघड आहेत. २०२३ साली इंग्लंडमध्ये इस्पितळातील उपचारांच्या प्रतीक्षायादीवर ७० लाखांहून अधिक नोंदी होत्या. पोर्तुगीज पारपत्रावर स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झालेले आपले गोमंतकीय बांधव या प्रतीक्षेच्या कहाण्या घरी फोनवर सांगत असतील. तरीही आजारपणामुळे घर विकावे लागले, असे त्यांना सांगावे लागत नाही.

कॅनडात सस्कॅचेवान या एका प्रांताने १९६२ साली सार्वत्रिक वैद्यकीय विमा सुरू केला तेव्हा तेथील डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. प्रांताचे सरकार डगमगले नाही, आणि पुढे त्या छोट्या प्रांताची वाट साऱ्या देशाने धरली. उलट अमेरिकेने आरोग्य हे मुख्यतः बाजारावर सोपवले. १९६५ साली वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी योजना आल्या, २०१० साली मोठा कायदा झाला. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के खर्च करून तेथील सरासरी आयुर्मान इतर श्रीमंत राष्ट्रांहून कमी आहे आणि अडीच कोटींहून अधिक माणसे विम्याविना आहेत. वैद्यकशास्त्रात जगाच्या पुढे असलेले राष्ट्र लोकारोग्यात मागे पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

या तुलनेत गोमंतकीयांना विशेष अंतर्मुख करणारे उदाहरण पोर्तुगालचे आहे. साडेचारशे वर्षे ज्याने गोव्यावर राज्य केले तो देश सालाझारच्या राजवटीत स्वतःच्या प्रजेलाही धड आरोग्यसेवा देऊ शकला नव्हता. १९७० साली तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ५० हून अधिक होते. १९७४ साली क्रांती झाली, लोकशाही आली आणि १९७९ साली अंतोनियो आर्नाउत यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा झाला. आज ते प्रमाण हजारी तीनच्या आसपास आहे. हुकूमशाहीने जे केले नाही ते मतपेटीने करून दाखवले. आरोग्य ही राजकीय इच्छाशक्तीची बाब आहे असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ एवढाच.

कोणी म्हणेल, ही सारी श्रीमंतांची उदाहरणे झाली. मग आपल्या शेजारच्या श्रीलंकेकडे पाहावे. तेथे १९२६ साली, ब्रिटिश अमदानीतच, कळुतरा येथे पहिले आरोग्य केंद्र स्थापन झाले. ठरावीक भूभागातील प्रत्येक घराची जबाबदारी त्या केंद्रावर आणि तेथल्या सुईणीवर असे. त्या एका पद्धतीच्या जोरावर तुटपुंज्या उत्पन्नाच्या त्या बेटाने माता-बालकांच्या आरोग्यात आपल्या उपखंडाला मागे टाकले. थायलंडने २००१ साली अवघ्या ३० बातमध्ये उपचार देणारी योजना सुरू केली आणि तिचा जगभर गवगवा झाला. परंतु त्या कार्डाच्या आधी दोन-तीन दशके त्या देशाने तालुक्यातालुक्यात इस्पितळे बांधली होती, नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली होती, ही गोष्ट सांगायची राहून जाते. आधी विहीर, मग पोहरा. आपण मात्र पोहरा वाटून मोकळे झालो आहोत.

वस्तुतः आपल्यालाही कोणी वाट दाखवली नव्हती असे नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली, म्हणजे ब्रिटनची आरोग्य सेवा सुरू होण्यापूर्वीच, आपला अहवाल सादर केला होता. पैसा नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. रोगप्रतिबंध आणि रोगोपचार एकाच छताखाली असावेत. दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हे त्या समितीचे दीर्घकालीन स्वप्न होते. आज आपल्या तालुक्यांतील केंद्रांच्या खाटा मोजाव्यात आणि त्या स्वप्नापासून आपण किती दूर आहोत ते ज्याचे त्याने पाहावे. १९८३, २००२ आणि २०१७ अशी तीन राष्ट्रीय आरोग्य धोरणे त्यानंतर आली. २०१७ च्या धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो त्याच सुमारास ३९.४ टक्क्यांवर आला, ही समाधानाची बाब खरी. परंतु उपचारांच्या प्रत्येक शंभर रुपयांतले जवळजवळ चाळीस रुपये अजूनही आजारी माणसाचे घरच मोजत आहे.

या परिस्थितीवर उपाय म्हणून विम्याचा मार्ग पुढे आला. गोव्यात २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचारांची हमी या योजनेने दिली. तिच्यामुळे कित्येकांच्या शस्त्रक्रिया पार पडल्या, कित्येक घरांवरचे कर्ज टळले. त्या योजनेची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मात्र कार्ड काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आहे, आणि गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे साऱ्या देशात सर्वाधिक आहे. दर चार प्रौढांमागे एक! मधुमेह हा रोग शस्त्रक्रियागृहात बरा होत नाही. दरमहा रक्तातील साखर पाहणे, वेळच्या वेळी गोळ्या मिळणे, पायाच्या जखमेकडे आणि डोळ्याच्या पडद्याकडे कोणीतरी लक्ष ठेवणे, खाण्यापिण्याविषयी जिव्हाळ्याने आणि पुन्हा पुन्हा सांगणे, ही त्याची खरी चिकित्सा. इस्पितळात दाखल झाल्याशिवाय कार्डाला काम नसते. पाय कापण्याची वेळ आली की कार्ड धावून येते. तो पाय वाचवता आला असता त्या दहा वर्षांत ते कपाटात पडून असते. आजार हत्तीच्या पावलांनी येतो असे आपण म्हणतो, पण हा आजार मुंगीच्याच पावलांनी येतो, आणि म्हणूनच त्याला वाटेत अडवायला गावातच कोणीतरी जागे असावे लागते.

दुसरी गोष्ट. काही रोग एकेका माणसाचे नसतात, गावाचे असतात. डिचोली तालुक्याने दशकानुदशके खनिजाच्या धुळीत श्वास घेतला. मालवाहू गाड्यांच्या रांगा, रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेला तांबडा थर, शिरगावसारख्या गावातील आटलेल्या विहिरींच्या न्यायालयापर्यंत गेलेल्या तक्रारी, हे सारे डिचोलीकरांनी पाहिले. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या आणि पुढे लिलावानंतर त्या तालुक्यात खनिजाचा खडखडाट पुन्हा ऐकू येऊ लागला. खाण हवी की नको, हा वाद स्वतंत्र आहे. तिच्यावर हजारो घरांच्या चुली पेटत होत्या हेही खरे. पण बांबोळीच्या डॉक्टरापुढे येतो तो एका माणसाचा खोकला. साऱ्या वाड्याचा खोकला कोणाला दिसणार? त्या वाड्यातली मुले वर्षातून किती वेळा धापा टाकतात, वृद्धांच्या फुप्फुसांची ताकद किती उतरली, याची वही गावच्या केंद्रातच राहू शकते. ती वही ठेवली गेली असती तर खाणींच्या वादात भावनेऐवजी पुरावा बोलला असता.

सत्तरीचा अनुभवही हेच सांगतो. माकडताप हा रोग १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१५ च्या सुमारास तो सत्तरीत दिसला आणि पाठोपाठ २०१६ साली शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात. गोचिडीने पसरणाऱ्या या तापाचा हंगाम आणि रानात काजू गोळा करण्याचा हंगाम एकच. मेलेले माकड रानात दिसले, ही बातमी पहिल्यांदा कळते ती काजूच्या बागेत राबणाऱ्या बाईला. तिने ती कोणाला सांगायची? गावच्या उपकेंद्रात ओळखीची परिचारिका असेल तर ती बातमी त्याच दिवशी सरकारदरबारी जाते. नसेल तर ती बातमी तापाच्या रूपाने पंधरा दिवसांनी इस्पितळात पोचते. सार्वजनिक आरोग्याचे भवितव्य नव्या यंत्रांवर जेवढे अवलंबून आहे, त्याहून अधिक या बाईच्या आणि त्या परिचारिकेच्या ओळखीवर आहे.

पेडण्याची कथा आणखी निराळी. २०२२ च्या डिसेंबरात मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि एका शेतकरी तालुक्याचे रूप पालटू लागले. नवे रस्ते, नवी हॉटेले, बांधकामावर आलेले परप्रांतीय मजूर, रात्रंदिवस धावणाऱ्या टॅक्सी. माणसे वाढली की अपघात वाढतात, पाणी तुंबले की डास वाढतात. विमानतळासाठी तालुक्याने जमीन दिली. त्याच तालुक्याला तुये येथील रुग्णालयाची नवी इमारत उभी राहूनही ती पूर्ण क्षमतेने चालावी, गोमेकॉशी जोडली जावी, म्हणून आंदोलन करावे लागले. जगभरची विमाने पेडण्यात उतरू शकतात, पण पेडण्याच्या माणसाला छातीत कळ आली तर त्याने पूल ओलांडून दक्षिणेकडे धावायचे, हा न्याय कोणाच्याही गळी उतरणारा नाही. म्हापशाचे आझिलो इस्पितळ ज्या नव्या इमारतीत गेले ती खाजगी भागीदारीत चालवावी असा विचार एकेकाळी झाला होता. लोकांनी विरोध केला आणि ते सरकारीच राहिले. त्या विरोधाचे मोल बार्देश-पेडण्यातील गरीब रुग्ण आज जाणतात.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की, गावात केंद्र असले तरी लोकच तेथे जात नाहीत. साध्या तापालाही त्यांना बांबोळीच हवी असते. हे खरे आहे. पण लोक मूर्ख नसतात. ज्या केंद्रात दुपारनंतर डॉक्टर भेटत नाही, रक्त तपासायचे तर बाहेर जावे लागते आणि दर सहा महिन्यांनी नवा चेहरा खुर्चीवर दिसतो, तेथे विश्वास रुजणार कसा? विश्वासाला ओळख लागते आणि ओळखीला काळ लागतो. दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. तज्ज्ञ डॉक्टर तालुक्याला जायला तयार नसतात. तेही खरे. परंतु गोवा म्हणजे काही राजस्थान नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेचौदा लाख लोकवस्तीचे हे राज्य. उत्तरेच्या टोकाहून राजधानी गाठायला दीड-दोन तास पुरतात. रुग्णाने रोज बांबोळीला जाण्याऐवजी बांबोळीच्या तज्ज्ञाने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तुयेला, कासारवर्ण्याला, डिचोलीला, साखळीला यावे, यात अशक्य ते काय? शंभर रुग्णांनी प्रवास करण्यापेक्षा एका डॉक्टराने प्रवास करणे स्वस्त पडते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

आणखी एका नाजूक विषयाला स्पर्श केलाच पाहिजे. १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क आकारण्यास सुरुवात झाली, आणि सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या माणसाला धक्का बसला. दोडामार्गात लोक रस्त्यावर आले. गोव्याच्या करदात्याने साऱ्या सिंधुदुर्गाचा भार का वाहावा, हा प्रश्न गैरवाजवी नाही. ज्या राज्याने आपल्या लोकांसाठी दीर्घकाळ जवळ मोठे इस्पितळ उभारले नाही त्या राज्याला तो विचारलाच पाहिजे. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे, पण ते बाळसे धरायला वेळ लागेल. तोवर तेरेखोलच्या दोन्ही काठांवर ज्यांच्या सोयरिकी आहेत, एकाच जत्रेला जे जमतात, त्यांचे आजारपण हद्दीच्या दगडापाशी अडवणे माणुसकीला शोभणारे नाही. दोन्ही राज्यांच्या सरकारांनी हिशेब आपापसांत मिटवावा. तो रुग्णाच्या खाटेशी मांडू नये. माकडतापाची गोचीड हद्दीचा दगड ओळखत नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या नावाने सरकारच्या हाती सत्ता येते तेव्हा ती कशी वापरली जाते, याचाही एक कटू अनुभव गोव्याच्या गाठीशी आहे. १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीच्या आधारे १९८९ साली पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझा या तरुणाला, त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला एवढ्याच कारणावरून, ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याने रक्तदान केले होते. त्यातूनच ही गोष्ट उघड झाली होती. न्यायालयात कायदा टिकला, पण त्या तरुणाने उभ्या देशाला एचआयव्हीबाधितांच्या हक्कांचा विचार करायला भाग पाडले. १९९२ साली तो वारला. रोगी हा गुन्हेगार नव्हे, हा धडा ज्या भूमीने इतकी किंमत देऊन घेतला, तिने तो कोणत्याही साथीत विसरता कामा नये.

आणि साथ म्हटली की २०२१ चा मे महिना आठवतोच. ११ मे रोजी पहाटेच्या चार तासांत गोमेकॉत २६ कोविड रुग्ण दगावल्याचे सांगण्यात आले. प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. त्या काळ्या पहाटेबद्दल कोणाकडे बोट दाखवावे हा या लेखाचा विषय नाही. परंतु साऱ्या राज्याचा भार एकाच पठारावर टाकला की एका नळीतील अडथळा किती घरांचा दिवा विझवतो, हे त्या दिवसांत आपण डोळ्यांनी पाहिले. तालुक्याची इस्पितळे समर्थ असती तर तेवढी गर्दी एका जागी लोटली असती का, हा प्रश्न विचारायलाच हवा. तहान लागल्यावर विहीर खोदण्याची ही सवय आपल्याला आणखी एका साथीपर्यंत परवडणारी नाही.

मग करायचे काय? आमच्या मते उत्तर अवघड नाही, चिकाटीचे आहे. प्रत्येक कुटुंबाचे नाव त्याच्या जवळच्या आरोग्य केंद्राच्या वहीत असावे आणि त्या कुटुंबाला आपला डॉक्टर कोण, आपली परिचारिका कोण, हे नावाने ठाऊक असावे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला उपकेंद्रातच मिळाव्यात. त्यासाठी कोणालाही नदी ओलांडावी लागू नये. केंद्रांतील रिकाम्या जागा भराव्यात आणि तेथे राहणाऱ्या डॉक्टराला राहण्याजोगे घर, मुलांना शाळा आणि बढतीत प्राधान्य द्यावे. विम्याच्या योजनेवर सरकार जो पैसा खर्च करते त्याच्या जोडीने प्रतिबंधावर किती खर्च झाला, हे दरवर्षी विधानसभेत मांडले जावे. प्रत्येक तालुक्याच्या आरोग्याचा एक वार्षिक अहवाल मराठी-कोंकणीत प्रसिद्ध व्हावा, म्हणजे पेडणेकराला आणि डिचोलीकराला आपल्या प्रतिनिधीला जाब विचारता येईल. यासाठी ब्रिटनसारखी तिजोरी लागत नाही. श्रीलंकेने ते सुईणीच्या बळावर करून दाखवले आहे.

राष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेची परीक्षा तिच्या सर्वात उंच इमारतीवरून होत नाही. पेडण्याच्या बसमधली ती म्हातारी पहाटे घरी निजलेली असेल, दहा वाजता चालत चालत आपल्या गावच्या केंद्रात जाईल, ओळखीची परिचारिका तिचा रक्तदाब पाहील, गोळ्या देईल, आणि ती दुपारच्या पेजेला घरी परतेल, त्या दिवशी गोव्याची आरोग्यव्यवस्था उत्तीर्ण झाली असे आम्ही समजू. बांबोळीची रांगही त्या दिवशी आपोआप आखूड होईल, आणि ज्याला खरोखरच बांबोळीची गरज आहे त्याला तेथे डॉक्टराची चार मिनिटे नव्हे, पुरेसा वेळ मिळेल.